डाव हरल्यानंतरचं एक मिनिट

(शेजारी शेजारी ठेवलेले दोन फोन, दोन्हींवर तीन मिनिटांचा डाव)

गंगापूर रोड, नाशिक. रविवार सकाळ. बुद्धिबळाच्या वर्गात लाकडी पट मांडून व्हायच्या आत मुलांचे फोन बाहेर आलेत. डावीकडे चेस डॉट कॉम, उजवीकडे लीचेस, ऑनलाइन बुद्धिबळाच्या दोन साइट. घरं चौसष्टच, सोंगट्याही त्याच.

आता अंगठा बघा. समोरच्याची चाल अजून झालेली नाही, तरी या मुलीने वजीर ओढून ठेवला. ही प्रीमूव्ह. चेस डॉट कॉमवर अशा प्रत्येक चालीला सेकंदाचा दहावा भाग खर्ची पडतो, पण एकापुढे एक बऱ्याच चाली लावून ठेवता येतात. लीचेसवर प्रीमूव्हला वेळ लागत नाही, मात्र रांगेत एकच चाल राहते. घड्याळात दोन सेकंद उरलेत आणि वजीर-राजा घेऊन एकट्या राजाला मात द्यायची आहे, अशा वेळी पहिल्या साइटवर जास्तीत जास्त वीस चाली हातात असतात. दुसरीकडे समोरच्याची प्रत्येक चाल पाहूनच पुढची लावायची. वर्षभर एकीकडे बुलेट, म्हणजे मिनिटभराचे डाव, खेळलेला खेळाडू दुसरीकडे गेला की जिंकत आलेले डाव वेळ संपल्याने घालवतो आणि दोन दिवसांत परत येतो. बोटांना लागलेली सवय सुटत नाही.

(फोनच्या कोपऱ्यातलं नेटवर्कचं चिन्ह)

लीचेसचा सर्व्हर फ्रान्समध्ये आहे. वर्गातून केलेली चाल तिथे जाऊन परत येते. या प्रवासात गेलेला वेळ लीचेस काही प्रमाणात भरून देतं. चाल अडकत असेल तर साइटच्या पत्त्यापुढे /lag लिहून उघडा. तिथे दोन आकडे दिसतात, एक तुमच्या नेटवर्कचा, दुसरा सर्व्हरचा. पहिला सतत उड्या मारत असेल तर दोष घरचा आहे. बहुतेकदा फोन वायफाय आणि मोबाइल डेटा यांच्यात हेलकावे खात असतो. डाव सुरू करण्याआधी दोन्हीपैकी एक बंद करायचं.

नेट तुटल्याने काय होतं, ते भारताने सर्वांत मोठ्या मंचावर अनुभवलंय. २०२० चं ऑनलाइन ऑलिंपियाड चेस डॉट कॉमवर झालं आणि भारताचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी. ३० ऑगस्टला रशियाविरुद्ध अंतिम सामना. पहिल्या फेरीतले सहाही डाव बरोबरीत सुटले. दुसऱ्या फेरीत जगभर इंटरनेटचा खोळंबा झाला, निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला आणि दोघांचे डाव वेळ संपल्याने गेले. भारताने दाद मागितली, फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, दोन्ही संघांना विजेते ठरवलं. त्याच वर्षीच्या टाळेबंदीत विदित यूट्यूबवर थेट डाव खेळत होता, बोलत होता. २०२३ मध्ये त्याने ग्रँड स्विस ही फिडेची मोठी स्पर्धा जिंकली. नाशिकच्या कितीतरी घरांत बुद्धिबळाचं पहिलं खातं टाळेबंदीच्या सुमारास उघडलं.

(रेटिंगचा आकडा खाली येताना)

खातं उघडलं की पहिला धक्का रेटिंगचा, म्हणजे खेळाची ताकद सांगणाऱ्या आकड्याचा. लीचेस सगळ्यांना १५०० वर उभं करतं आणि आकड्यापुढे प्रश्नचिन्ह लावतं. म्हणजे यंत्राला अजून खात्री नाही. खात्री नसते तोवर एकेका हरलेल्या डावाला मोठी घसरण होते. चेस डॉट कॉम आधी विचारतं, तुम्ही नवखे की सरावलेले, आणि त्यावरून सुरुवात ठरवतं. म्हणून एकाच मुलाचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात, आणि सुरुवातीच्या पातळीवर लीचेसचा आकडा सहसा मोठा असतो. यातला कुठलाही आकडा फिडेचा नव्हे. तरी ज्या साइटवर आकडा मोठा, ती सोडवत नाही.

(मुलगा फोनकडे बघतोय. मात झालेली आहे)

हे मिनिट महत्त्वाचं. डाव नुकताच हरलाय आणि पडद्यावर दोन बटणं आहेत. एक नवा डाव, दुसरं विश्लेषण.

चेस डॉट कॉमवर डावाचा आढावा देखणा आहे. अचूकतेची टक्केवारी, चमकदार चालीला दोन उद्गारचिन्हं, घोडचुकीला लाल खूण. शिवाय प्रशिक्षक वाक्यात सांगतो की उंट फुकट गेला. नवख्या मुलाला हे पटकन कळतं, आणि यात चेस डॉट कॉम पुढे आहे हे मान्य करायलाच हवं. पण फुकट खात्याला असा आढावा दिवसाला एकच. रविवारी सहा डाव खेळलेल्या मुलाचे पाच तसेच विरतात. ज्या घरात वर्गणी भरता येत नाही, तिथल्या मुलाची चूक तेवढी झाकलेली राहते, हे आम्हाला बोचतं.

लीचेस २०१० मध्ये तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलं. जाहिराती नाहीत, वर्गणी नाही, कोड सर्वांना खुला, खर्च देणग्यांवर. मराठी भाषांतरसुद्धा स्वयंसेवकांनीच केलेलं. डाव संपल्यावर संगणकाचं विश्लेषण मागितलं की तो डाव जगात कुठेतरी एखाद्या स्वयंसेवकाच्या संगणकावर जातो, तिथे स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा प्रोग्राम, तो तपासतं आणि थोड्याच वेळात आलेख परत येतो.

(पट जवळून)

पांढऱ्याची १८वी चाल. डी१ वरचा हत्ती डी७ वरचं प्यादं खायला गेला. राजा जी१ वर, समोर एफ२, जी२, एच२ ही तिन्ही प्यादी जागची हललेली नाहीत. काळ्याचा हत्ती ई१ वर उतरला. मात. आता चुकांमधून शिका हे बटण दाबायचं. साइट बरोबर त्याच स्थितीत नेऊन उभी करते आणि म्हणते, याहून चांगली चाल शोधा. पाहा, तो एच३ खेळला. राजाला पळवाट मिळाली.

इथे एक पथ्य पाळावं लागतं. इंजिनचा बाण आधी बघितला की मूल मान डोलावतं आणि पुढच्या रविवारी तशीच मात खातं, कारण बाण चाल दाखवतो, कारण सांगत नाही. म्हणून इंजिन बंद ठेवायचं, चुकलेल्या जागी पाच मिनिटं स्वतः बघायचं, उत्तर वहीत लिहायचं आणि मगच इंजिन लावायचं. एका डावात तीन चुका पुरेत. चेस डॉट कॉमवर खेळलेला डावही असाच तपासता येतो. शेअर करा मध्ये जाऊन पीजीएन, म्हणजे डावाच्या चालींची मजकुरातली नोंद, उचला आणि लीचेसच्या डाव आयात करा या पानावर चिकटवा. वर्गातली बरीच मुलं हेच करतात, खेळतात तिकडे आणि शिकतात इकडे.

(संध्याकाळ. फोनवर गुणतक्ता सरकतोय)

माणसं एखाद्या साइटवर टिकतात ती माणसांमुळेही. वर्गाची लीचेसवर टीम आहे आणि रविवारी साठ मिनिटांचा अरीना असतो, म्हणजे त्या वेळात जमतील तितके डाव खेळायची स्पर्धा, पाच मिनिटांचे डाव. जिंकल्यास दोन गुण, बरोबरीला एक. लागोपाठ दोन जिंकले की ज्योत पेटते आणि पुढचा विजय चार गुणांचा होतो. बर्सर्क दाबलं तर आपलं घड्याळ अर्ध्यावर येतं, जिंकल्यास एक गुण जास्त, पण किमान सात चाली खेळलेल्या हव्यात. पंचवटीतला मुलगा आणि नाशिक रोडची मुलगी, एरवी भेटत नाहीत, इथे आठवड्याला भिडतात.

या सगळ्यात संध्याकाळचे दोन तास फोनवर जातात, आणि पटावरच्या स्पर्धेत चाली कागदावर लिहिताना हीच मुलं अडखळतात.

(कपाटातल्या जुन्या नोंदवह्या)

साइट कायमची नसते. चेस२४ या बुद्धिबळाच्या साइटवर अनेकांचा जीव होता. २०२२ मध्ये ती प्ले मॅग्नस या मालक कंपनीसोबत चेस डॉट कॉमकडे गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये बंद झाली. म्हणून डाव आपल्याकडे उतरवून ठेवा. लीचेसवर प्रोफाइलमधून सगळे डाव एका फाइलीत मिळतात, चेस डॉट कॉमवर जुन्या डावांच्या पानावर खुणा करून गठ्ठ्याने घ्यावे लागतात. फाइल साध्या मजकुराची असते, कुठल्याही संगणकावर उघडते. रेटिंग आणि मित्रांची यादी मात्र सोबत येत नाही. नव्या ठिकाणी गेलात तर पहिले दहा-पंधरा डाव दहा मिनिटांचेच खेळा. बुलेट, ब्लिट्झ (तीन-पाच मिनिटांचे डाव), रॅपिड (दहा मिनिटांचे आणि त्याहून लांब) यांचे आकडे वेगवेगळे धरले जातात, आणि घाईत खेळलेल्या बुलेटने तुमच्या रॅपिडबद्दल यंत्राला काहीच कळत नाही.