बंब भंगारात घालू नका, बागेत आणा

नमस्कार मंडळी! आज बागेबद्दल बोलायचंय, पण रोपांबद्दल नाही, रोपांच्या शेजारी आपण काय मांडतो त्याबद्दल, आणि तेही नर्सरीतून आणलेले सिमेंटचे बगळे नि बदकं नाहीत, तर आपल्या माळ्यावर पडलेलं, मोरीत उपडं घातलेलं, जुन्या बाजारात पोत्यावर मांडलेलं सामान.

मामाचा वाडा रिकामा करायचा होता तेव्हाची गोष्ट सांगते. भंगारवाला दारात काटा घेऊन उभा, अंगणात ढीग, आणि त्या ढिगात सगळ्यात वर आजीचा तांब्याचा बंब. किलोवर जाणार होता तो. मी जवळ जाऊन बघितलं तर पोटावर टिंबाटिंबांनी आजीचं नाव घातलेलं, पूर्वी लग्नातल्या भांड्यांवर घालायचे ना, तसं. मी म्हटलं हा नाही द्यायचा. मामा म्हणाला अगं गिझर आहेत आता सगळीकडे, काय करणार तू याचं? मला तेव्हा माहीत नव्हतं. रिक्षात मांडीवर घेऊन आणला घरी.

पहिल्यांदा सगळ्यांनी सुचवलं की तळाला भोकं पाड, माती भर, झाड लाव. पण बंबाची रचना आठवा, मधून धुराचं नळकांडं जातं, खाली जाळी, पाणी त्या नळकांड्याच्या भोवती. माती भरायला जागाच नाही, आणि तांब्याला ओली माती सतत लागली की तांबं मातीत उतरतं, ते मुळांना मानवत नाही. मग मी काहीच केलं नाही. पारिजातकाखाली दोन विटांवर उभा केला, चिंचेनं एकदा घासला आणि सोडून दिला. पावसानं हिरवट काळा झाला. सकाळी त्याच्यावर फुलं पडतात ना, केशरी देठाची पांढरी फुलं, त्या काळपट तांब्यावर, बास, अजून काय पाहिजे बागेला! आणि भोक पाडलं नाही म्हणून नरकचतुर्दशीला पहाटे त्यातच पाणी तापवलं आम्ही, घरातल्या सहा जणांची अभ्यंगस्नानं झाली.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय, आणि तेच आज सांगायला आलेय. वस्तू ओळखू आली पाहिजे. किटलीला गुलाबी रंग, त्यावर डोळे, त्यावर चमक्या, असं केलं की किटली संपते हो. तिचा पोचा, तिची काजळी, मुठीला गुंडाळलेलं फडकं, तेच तर बघायचं असतं. आपण फक्त एवढंच करायचं की ती उन्हापावसात टिकेल, आणि झाड लावणार असाल तर पाण्याला वाट मिळेल.

ही पाण्याची वाट फार महत्त्वाची. लोणच्याची चिनी मातीची बरणी घ्या, ती पांढरी आणि वर तपकिरी. तडा गेला की लोणच्याला चालत नाही, पण शेवंतीला छान चालते. आधी आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा आणि रोज पाणी बदला, कारण वर्षानुवर्षं त्या तड्यातून मीठ मुरलेलं असतं आणि मीठ झाडाला मारतं. मग भोक. खिळा आणि हातोडी अजिबात नको, दोन तुकडेच होतील. टाइल्सवाल्याकडे किंवा हार्डवेअरच्या दुकानात डायमंड बिट मिळतं ते आणा, बरणी पालथी करून ओल्या वाळूत नीट बसवा, तळावर मास्किंग टेपची फुली मारा म्हणजे बिट घसरत नाही, ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवा, वेग कमी, जोर अजिबात नाही, आणि घरातल्या कुणालातरी स्पंजनं थेंब थेंब पाणी सोडायला सांगा, भोकापुरतंच, मशीनमध्ये जाता कामा नये. डोळ्यांवर चष्मा हवाच. पाच-सात मिनिटं लागतात, घाई करू नका. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी रोप प्लॅस्टिकच्या कुंडीतच ठेवून कुंडी बरणीत उतरवावी, फक्त तळाशी साचलेलं पाणी काढत राहावं.

आता पाटा-वरवंटा. मिक्सर आल्यापासून तो बहुतेक घरी भिंतीला टेकून उभा आहे. मला वाटलं पाटा पायवाटेत बसवावा, त्याला टाकी लावलेली असते, म्हणजे छिन्नीनं ठोकून खरबरीत केलेला असतो, त्यामुळे पावसात पाय घसरणार नाही. सासूबाईंनी लगेच थांबवलं. म्हणाल्या, पाचवीला आपण तो पुजतो, बारशाला वरवंट्याला बाळासारखं नटवून पाळण्यात घालतो, आणि तू त्याच्यावर पाय देणार? त्यांचं म्हणणं मला मनापासून पटलं. आता पाटा तुळशीजवळ दोन दगडांवर आडवा आहे, त्यावर चिमण्यांना तांदूळ टाकतो. तुमच्याही घरात अशा वस्तू असतील, आधी मोठ्या माणसांना विचारा, त्यांच्याकडून वस्तूची गोष्टही मिळते.

चंदीगडचं रॉक गार्डन बघितलंय का कुणी? सुखना तलावाजवळ आहे. नेकचंद सैनी नावाचे रस्त्याच्या कामावरचे निरीक्षक होते, सरकारी नोकर, चंदीगड शहर वसवताना जी खेडी पाडली गेली तिथला राडारोडा त्यांनी गोळा केला, फुटक्या बांगड्या, कपबशा, फुटकी बेसिनं, आणि 1957 च्या सुमारास जंगलखात्याच्या जागेत गुपचूप एकट्यानं बाग रचायला घेतली. तब्बल 18 वर्षं कुणाला पत्ता नाही! 1975 मध्ये उघडकीस आलं, ती बाग पाडायचीही भाषा झाली, पण लोकांना ती आवडली, 1976 मध्ये बाग सगळ्यांसाठी खुली झाली, त्यांना याच कामासाठी पगार आणि मजूर मिळाले, 1984 मध्ये पद्मश्री. 2015 मध्ये ते गेले. तिथल्या बायकांच्या पुतळ्यांना अख्खे कपडे बांगडीच्या तुकड्यांचे आहेत, आणि जवळ गेलं की बांगडी बांगडीच दिसते, हिरवी, लाल, कुणाच्यातरी हातातली. मला हेच फार भिडतं.

आपल्याकडे गच्चीवर चायना मोझॅक करतात ना, पांढऱ्या टाइल्सचे तुकडे, ऊन परतवायला, तीच पद्धत फुटक्या कपबशांना वापरा. तुकडे जुन्या टॉवेलात गुंडाळून हातोडीनं बारीक करा, हातमोजे घाला, तुळशीच्या कट्ट्यावर टाइल अ‍ॅडेसिव्हनं चिकटवा, दुसऱ्या दिवशी फटीत ग्राउट भरा आणि ओल्या फडक्यानं पुसून घ्या. धारदार कडा वर राहता कामा नये, मुलं हात लावतात.

लोखंडाचं काम सोपं. शिलाई मशीनचं बिडाचं स्टँड पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, रविवारी नाहीतर बुधवारी, नशीब असेल तर मिळतं. गंज पॉलिश पेपरनं काढा, गंज रोखायला रेड ऑक्साइडचा हात, वर काळा ऑइलपेंट, आणि वरती कडप्प्याची फरशी. पायडल हलतं ठेवा. पण आधीचा जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं, पाणी लावून घासा, तोंडावर मास्क, लहान मुलं लांब.

आणि एक गोष्ट जी मी प्रत्येकाला सांगते, अगदी पाठीस लागून सांगते. पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास बहुतेक वेळा स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि ही अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा आतून घासायचं. आमच्या सोसायटीत दोन मुलांना डेंग्यू झाला होता एका पावसाळ्यात, तेव्हा मी माझ्या बागेतली प्रत्येक वाटी, प्रत्येक टायर, प्रत्येक झाकण उलटं करून बघितलं, एका कंदिलाच्या तळात अळ्या सापडल्या. कंदिलाच्या! तेव्हापासून टायरला चार भोकं, किटल्या तिरक्या टांगलेल्या, बंबाचं झाकण घट्ट.

सध्या माझ्याकडे जात्याची एकच तळी आहे, वरची, खुंटा गेलेली, खालची कुठे गेली कुणाला माहीत नाही. ती जमिनीवर ठेवलीय, मधल्या भोकातून गवती चहाची चार पाती वर आलीत. खुंट्याच्या खळगीत वाटीभर पाणी मावतं, उन्हाळ्यात बुलबुल येतो प्यायला. रोज सकाळी मी ती खळगी बोटानं पुसून घेते आणि ताजं पाणी घालते.