क्लिंगॉन भाषेतील सर्वनामे: ती कुठे गळतात आणि कुठे अटळ असतात

नमस्कार. परभणी, नांदेड, लातूरकडे 'काय करायलास?' असे विचारले, तर 'जेवायलो' एवढेच उत्तर येते. त्यात 'तू' नसतो आणि 'मी'ही नसतो, तरी बोलणारा कोण याविषयी शंका राहत नाही, कारण क्रियापदाचा शेवटच ते सांगतो. मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने 'स्टार ट्रेक' चित्रपटांसाठी घडवलेल्या आणि १९८५ साली शब्दकोशासह व्याकरण लाभलेल्या क्लिंगॉन भाषेत हीच सोय क्रियापदाच्या आरंभी आहे, आणि तिथे एकच उपसर्ग कर्ता व कर्म दोन्ही सांगतो.

'लेग़' म्हणजे पाहणे. 'क़ालेग़' म्हणजे मी तुला पाहतो, 'चोलेग़' म्हणजे तू मला पाहतोस आणि 'विलेग़' म्हणजे मी त्याला, तिला किंवा त्यांना पाहतो. त्यामुळे 'जिख़' (मी) किंवा 'षोख़' (तू) ही सर्वनामे अशा वाक्यांत भर देण्यासाठी वा संदिग्धता टाळण्यासाठीच येतात.

मग सर्वनामांचे खरे काम कोणते? या भाषेत 'असणे' हे क्रियापदच नाही, म्हणून ती जागा सर्वनाम घेते. 'ग़ोजवि जिख़' म्हणजे मी विद्यार्थी आहे. इतकेच नव्हे, तर सर्वनामाला क्रियापदाचे प्रत्ययही लागतात: 'पाडाक़ जिख़ताख़' म्हणजे मी खोलीत आहे, आणि यातील 'ताख़' हा चालू अवस्था दाखवणारा प्रत्यय थेट 'मी'ला जोडलेला आहे. मला या व्याकरणातील हा सर्वांत देखणा भाग वाटतो.

तृतीय पुरुषात लिंगभेद नाही. जे बोलू शकतात त्यांच्यासाठी एकवचनी 'ग़ाख़' व अनेकवचनी 'चाख़', आणि इतर सर्वांसाठी 'ओख़' व 'बिख़'. म्हणजे पोळ्याला सजवलेला बैल कितीही लाडका असला, तरी तो 'ओख़'च. हीच विभागणी मालकी दाखवतानाही पाळावी लागते: 'पुक़वि' म्हणजे माझे मूल, पण 'डुजविज' म्हणजे माझे यान. 'पुक़विज' म्हटले तर व्याकरण बिघडत नाही, मात्र त्या मुलाचा अपमान होतो.

आदरार्थी 'तुम्ही' किंवा 'आपण' यांसारखे वेगळे सर्वनाम मात्र या भाषेत नाही. 'त्ल्हिख़' हे केवळ अनेकांना उद्देशून वापरतात, आणि वरिष्ठांविषयीचा मान क्रियापदाच्या 'नेष' या प्रत्ययातून व्यक्त होतो, जसे 'क़ालेग़नेष', म्हणजे आपणांस पाहणे हा माझा सन्मान आहे.