मेकॅनिक सांगतो ते सगळंच करायचं का?

नमस्कार मंडळी. मार्च लागला की आपल्याकडे गॅरेजसमोर गाड्या उभ्या राहतात, पुढे लग्नसराई आहे, चैत्रात वणीला जायचं आहे, गाडी दाखवून घेऊ म्हणून. मेकॅनिक बोनेट उघडतो, दोन ठिकाणी हात लावतो आणि म्हणतो, "भाऊ, बठ्ठं बदलनं पडी," म्हणजे सगळंच बदलावं लागेल. आपण मान डोलावतो, कारण नाही म्हटलं आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर घरचे ऐकवणार ते वेगळंच.

तर आधी ग्लोव्ह बॉक्समधलं ते पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक काढा, ओनर्स मॅन्युअल. हरवलं असेल तर बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर पीडीएफ मिळते. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं याचा त्यात तक्ता असतो, आणि इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग (इंजिनातली काजळी काढणं), टेफ्लॉन कोटिंग (रंगावर चकाकीचा थर) असलं काही त्यात बहुतेक वेळा सापडतच नाही, पण बिलात मात्र बरोबर सापडतं. ऑइल वेळेवर बदललं असेल तर चांगलं चालणारं इंजिन आतून धुवायचं कशाला? अंडरबॉडी कोटिंगचं म्हणाल तर समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत पत्रा गंजतो, तिथं ते ठीक, धुळे-जळगावच्या कोरड्या हवेत मी तरी त्यात पैसे घालणार नाही. टायरमध्ये नायट्रोजन? साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो हो! त्यापेक्षा पंधरा दिवसांनी सकाळी टायर थंड असताना प्रेशर बघा.

पण लगेच मेकॅनिकला लुटारू ठरवू नका, कारण त्याच मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात अजून काहीतरी लिहिलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. धूळ असेल, कडक गरमी असेल, कायम लोड असेल, छोट्या छोट्या फेऱ्या असतील तर काही गोष्टी लवकर बदला. आता हे आपलंच वर्णन झालं ना! रावेर-यावलकडे केळीच्या बागेतला कच्चा रस्ता, मागच्या सीटवर खताच्या गोण्या, मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला. म्हणजे मॅन्युअलमधल्या किलोमीटरच्या आधीच एअर फिल्टर बदला असं तो म्हणाला तर बरोबरच म्हणतोय. खात्री नसेल तर समोर उघडायला सांगा, साधारण क्लिपाच असतात, फिल्टर उजेडाकडे धरा, पलीकडचा उजेड दिसत नसेल तर गाडी तोंडावर उपरणं आवळून पळतेय असं समजा.

कूलंटचंही, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचंही तसंच. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतायची आपल्याकडे फार सवय आहे, त्या पाण्यातले क्षार आत थर धरतात आणि मग भर उन्हात गाडी गरम होते, तेव्हा कूलंटचे पैसे वाचवू नका.

आणि ब्रेकवर तर घासाघीस नकोच. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, त्यातलं डॉट ४ प्रकारचं नवं असताना निदान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषल्यावर तेच १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. सप्तशृंगीहून नांदुरीकडे उतरताना किंवा चाळीसगावच्या घाटात सारखा ब्रेक दाबून ठेवला आणि फ्लुइड उकळलं तर पेडल सरळ खाली जातं आणि ब्रेक लागत नाही, म्हणून बऱ्याच गाड्यांना ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात (आणि उतारावर खालचा गिअर टाका, त्याला पैसे लागत नाहीत). टायरची नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की तो टायर कायद्यानंही बाद, खाचेत छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली का ते घरीच दिसतं. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवून ठेवणारा पट्टा) असलेली गाडी असेल तर त्याचं किलोमीटर चुकवू नका, तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग खर्च विचारू नका.

बाकी गॅरेजमध्ये बोलायची भीड सोडा. कामाआधी एस्टिमेट कागदावर घ्या, मध्ये काही नवीन निघालं तर आधी फोन कर म्हणावं, आणि "दादा, जुना पार्ट डिकीत ठेवशील" एवढं आधीच सांगून ठेवा. चांगला मेकॅनिक याला चिडत नाही. जो चिडेल त्याच्याकडून ऑइल आणि फिल्टर करून घ्या, मोठं काम दुसऱ्याला दाखवल्याशिवाय देऊ नका.