चिकमगळूरची जागा

कॉफीची ही झुडपं मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतात. नोव्हेंबरात फळं लाल होऊ लागतात आणि मळ्यात तोडणीची लगबग सुरू होते. १९७८च्या नोव्हेंबरात मात्र कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या या मळ्यांतून मतं मागणारे फिरत होते. उमेदवार होत्या इंदिरा गांधी.

मार्च १९७७मध्ये रायबरेलीत राजनारायण यांनी त्यांना ५५ हजारांवर मतांनी पाडलं होतं. पुढच्या जानेवारीत काँग्रेस पक्षही फुटला. यशवंतराव चव्हाण, ब्रह्मानंद रेड्डी पलीकडे राहिले. गाय-वासरू हे निवडणूक चिन्ह गेलं, पंजा आला. पण त्याच पंजानं महिन्याभरात कर्नाटक आणि आंध्र जिंकून दिलं, आणि बाईंची नजर दक्षिणेकडे वळली.

पोटनिवडणूक व्हायची तर आधी जागा रिकामी हवी. मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या राज्यात तीही झाली. चिकमगळूरचे खासदार डी. बी. चंद्रेगौडा यांनी राजीनामा दिला.

समोर जनता पक्षाचे वीरेंद्र पाटील. माजी मुख्यमंत्री, लेचापेचा गडी नव्हे. त्यांच्या प्रचाराला जॉर्ज फर्नांडिस. विरोधकांच्या एका पोस्टरवर फणा काढलेला नाग होता. नाग पुजणाऱ्या मुलखात ही कल्पना कुणाला सुचली कोण जाणे! बाईंच्या बाजूची घोषणा तर चक्क हिंदी: ‘एक शेरनी, सौ लंगूर, चिकमगलूर, भाई, चिकमगलूर’. कन्नड मतदाराला त्यातलं निदान गावाचं नाव तरी कळलं असेल.

७७ हजारांवर मताधिक्य. बाई लोकसभेत परतल्या.

आणि दीड महिन्याच्या आत बाहेरही पडल्या. पंतप्रधान असताना, मुलगा संजय यांच्या मारुती मोटार कंपनीबद्दलच्या लोकसभेतल्या प्रश्नासाठी माहिती जमवणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यांनी छळलं, असा विशेषाधिकार समितीचा ठपका होता. १९ डिसेंबरला सभागृहानं त्यांची खासदारकी काढून घेतली, वर अधिवेशन संपेपर्यंत कैद. आठवडा तिहारमध्ये गेला. अटकेच्या दुसऱ्याच दिवशी दोन युवक काँग्रेसवाल्यांनी त्यांच्या सुटकेसाठी विमान पळवलं, तेही खेळण्यातली पिस्तुलं दाखवून. दोघंही पुढे उत्तर प्रदेशात आमदार झाले. जिला घरी बसवायचं, तिलाच जनता पक्षानं पुन्हा पहिल्या पानावर आणून ठेवलं होतं.

जानेवारी १९८०मध्ये इंदिरा गांधी पुन्हा पंतप्रधान झाल्या. मे १९८१मध्ये नव्या लोकसभेनं हकालपट्टीचा तो ठराव रद्द केला. तोवर देवराज अर्स त्यांना सोडून गेले होते, आणि चिकमगळुरात हरलेले वीरेंद्र पाटील त्यांच्याच मंत्रिमंडळात मंत्री होते.