पत्र वाचून दाखवणाऱ्या बाई

(दृश्य : पहाटेचा बेळगाव कॅम्प. दुरून बिगुलाचा आवाज. गुलमोहराखालून मैदानाकडे जाणारी माणसे.)

मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर या शहरात आहे. कसम परेडच्या दिवशी सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि आपल्या खानापूर-चंदगड भागातून आलेले आईवडील मैदानाच्या कडेला उभे राहतात आणि एकसारख्या गणवेशांतल्या शेकडो मुलांमध्ये आपला मुलगा कुठे आहे ते शोधत असतात. परेड संपते, फोटो निघतात, कुटुंबे एसटीने परत जातात, आणि त्यानंतर सुरू होणारी वर्षानुवर्षांची वाट पाहणी कोणाच्याही कॅमेऱ्यात येत नाही. हा माहितीपट त्या वाट पाहणाऱ्या घरांविषयी आहे, आणि ख्रिस्ती श्रद्धा त्या घरांपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचली, याविषयी आहे.

(दृश्य : खानापूर तालुक्यातील कौलारू घर. माळ्यावरून उतरवलेली पत्र्याची ट्रंक.)

ही ट्रंक माझ्या पणजीची. पणजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीत होते. २१ जून १९४२ रोजी उत्तर आफ्रिकेतील टोब्रुक पडले, तेव्हा ही पलटण तेथे होती आणि तिचे जवान युद्धकैदी झाले. घरी आलेल्या पहिल्या कागदावर ‘बेपत्ता’ एवढाच शब्द होता. पणजीला अक्षरओळख नव्हती. पावसाळा गेला, भात कापून झाले, तरी दुसरा कागद आला नाही, आणि गावातल्या बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलवावे की नाही याची कुजबुज सुरू केली.

बेळगावहून मिशनच्या एक बाई महिन्यातून एकदा गावात येत. बायकांना शिवण शिकवत, मुलांच्या डोळ्यांत औषध घालत, आणि निघण्यापूर्वी झाडाखाली बसून प्रार्थना म्हणत. कैदेतून आलेले कार्ड पोस्टमनने पणजीच्या हातात ठेवले, तेव्हा तिने ते कोणालाही न दाखवता चार दिवस पदराला बांधून ठेवले आणि बाई आल्यावर त्यांच्यापुढे धरले. आजी तेव्हा सहा वर्षांची होती. बाईंनी वाचायला तोंड उघडले, तसे पणजीने त्यांना थांबवले आणि विचारले, “जित्ता हाय न्हवं? मग पुढचं सावकाश वाचा, बाई.”

त्यानंतर तीन वर्षे प्रत्येक पत्र बाईंनीच वाचले आणि प्रत्येक उत्तर त्यांनीच लिहिले. पणजीने धर्म बदलला नाही, आणि बाईंनी येणे थांबवले नाही. मिशनच्या कार्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, हे या सीमाभागात सर्वांना ठाऊक आहे, आणि ते झाकून ठेवावे असे मला वाटत नाही. तरीही एका निरक्षर बाईच्या नवऱ्याचे शब्द तिच्यापर्यंत जसेच्या तसे नेणे, त्यात स्वतःचे काही न मिसळणे, हे काम ज्या निष्ठेने झाले, त्याचे ऋण आमचे घर मानते.

(दृश्य : जुनी कार्डे, जिनिव्हा शहराची जुनी छायाचित्रे.)

ते कार्ड खानापूरपर्यंत येण्यामागे मोठी यंत्रणा होती, आणि तिचा उगम एका रणांगणाजवळच्या चर्चमध्ये आहे. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीतील सोल्फेरिनो येथे झालेल्या लढाईत सुमारे ४० हजार सैनिक मेले किंवा जखमी झाले. जिनिव्हाचे व्यापारी आणि श्रद्धाळू ख्रिस्ती असलेले आंरी द्यूनां त्या सुमारास तेथे पोहोचले. शेजारच्या कास्तिल्योने गावातील बायकांनी चर्चच्या फरशीवर जखमींना झोपवले होते, आणि फ्रेंच कोण, ऑस्ट्रियन कोण, हे न पाहता त्या ‘सगळे भाऊच’ असे म्हणत पाणी पाजत होत्या. वाटेत जखमी पडलेल्या परक्याची शुश्रूषा करणाऱ्या शोमरोन्याचा बायबलमधील दाखला ठाऊक असलेल्या माणसाने तो तेथे प्रत्यक्ष घडताना पाहिला. १८६३ मध्ये रेडक्रॉसची स्थापना झाली, १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला, आणि १९०१ चे पहिले नोबेल शांतता पारितोषिक द्यूनां यांना फ्रेडेरिक पासी यांच्यासह देण्यात आले.

पहिल्या महायुद्धात रेडक्रॉसने जिनिव्हात युद्धकैद्यांची माहिती गोळा करणारे कार्यालय उघडले, आणि तेथे सुमारे ७० लाख नोंदकार्डे तयार झाली. त्याच युद्धात एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कुत येथील ब्रिटिश-हिंदुस्थानी फौज तुर्कांना शरण गेली, तेव्हा १०३ आणि ११० क्रमांकांच्या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. फ्रान्स आणि मेसोपोटेमियातील छावण्यांत वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे कार्यकर्ते हिंदुस्थानी शिपायांसाठी कागद-शाई घेऊन बसत आणि त्यांची पत्रे लिहून देत. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या ताब्यातील प्रदेशात असलेल्या नातलगांना रेडक्रॉसमार्फत संदेश पाठवता येत असे, परंतु मजकूर केवळ घरगुती असावा आणि तो २५ शब्दांत बसावा, अशी अट होती. पंचवीस शब्दांत आई काय लिहील, याचा विचार मी हे निवेदन लिहिताना अनेकदा केला.

(दृश्य : कोल्हापूरजवळील वळिवडे. आजची गांधीनगरची बाजारपेठ.)

बेळगावहून उत्तरेला दोन-अडीच तासांवर कोल्हापूरजवळचे वळिवडे आहे. तेथे मात्र युद्धाने उद्ध्वस्त झालेली कुटुंबेच राहायला आली होती. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलेले लोक इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचले, आणि १९४३ ते १९४८ या काळात त्यांपैकी सुमारे पाच हजार जण वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. उपासमारीतून आलेल्या या माणसांनी तेथे शाळा चालवल्या, दवाखाना चालवला, स्काउटची पथके उभारली, चर्चमध्ये मिस्सा ही कॅथलिक उपासना सुरू ठेवली. नाताळ आणि ईस्टर त्यांनी आपल्या रीतीने साजरे केले. कोल्हापूरच्या स्मशानभूमीत त्यांच्यापैकी काहींच्या कबरी आहेत, आणि महावीर उद्यानात त्यांच्या स्मरणार्थ स्तंभ आहे.

पोलिश कुटुंबे निघून गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे आली, आणि आजचे गांधीनगर त्यांनी उभे केले. बेळगावचे व्यापारी तेथे कापड आणायला जातात. पायाखालची जमीन दोनदा कोणाचा निवारा झाली, हे त्यांतल्या थोड्यांनाच माहीत असते.

हेरोद राजाच्या भीतीने योसेफ आणि मरिया रात्रीच बाळ येशूला घेऊन मिसर देशात पळाले, हा शुभवर्तमानातील प्रसंग आपल्याकडे नाताळच्या नाटकांत घाईने उरकला जातो. वळिवड्याच्या चर्चमध्ये गुडघे टेकणाऱ्या बाईला तो प्रसंग समजावून सांगावा लागला नसेल.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्याचा प्रकाश. अंधारात एक दालन.)

ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझात युद्ध सुरू झाल्यानंतर तेथील पवित्र कुटुंबाच्या कॅथलिक चर्चमध्ये शेकडो माणसांनी आसरा घेतला. १९ ऑक्टोबरला जवळच्याच संत पोर्फिरियस ऑर्थोडॉक्स चर्चच्या आवारावर झालेल्या हल्ल्यात आसऱ्याला आलेली माणसे मेली. पोप फ्रान्सिस त्या काळात जवळजवळ दररोज संध्याकाळी कॅथलिक चर्चमध्ये फोन करत, आज काय जेवलात, मुले कशी आहेत, असे विचारत. एप्रिल २०२५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, आजारपणातही, त्यांनी हा क्रम टाकला नाही. त्यांच्या फोनने बॉम्ब थांबले नाहीत. तरीही संध्याकाळ झाली की कोणीतरी आपली विचारपूस करणार आहे, हे त्या माणसांना ठाऊक असे, आणि कार्ड पदराला बांधून चार दिवस थांबलेल्या पणजीच्या घरात वाढलेल्या मला त्याचे मोल सांगावे लागत नाही.

(दृश्य : पुन्हा ट्रंक. नंतर रविवारची सकाळ, चर्चचे आवार.)

पणजोबा १९४५ मध्ये परतले. युद्धाविषयी ते फारसे बोलत नसत. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर छावणीतून निसटलेल्या अनेक कैद्यांना इटलीतील शेतकऱ्यांनी जिवावर उदार होऊन लपवले. पणजोबा त्यांपैकी एक होते. भिंतीवर क्रूस असलेल्या एका घरातील म्हातारीने मक्याचे घट्ट पिठले वाढले, एवढेच ते सांगत, आणि सांगताना ताटाला हात लावत.

आम्ही चित्रीकरण केले त्या चर्चमध्ये सकाळी कन्नड आणि त्यानंतर मराठी उपासना होते. इतरांसाठी करायच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेपूर्वी मंडळीतील एक निवृत्त शिक्षिका वही उघडतात आणि सीमेवर असलेल्यांची नावे वाचतात. नावे संपल्यावर त्या चष्मा वर करून विचारतात, “आणखी कोणी?” त्या रविवारी मागच्या बाकावरून एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, “आमच्या शेजारच्यांचा मुलगा आहे, बाई. ते लोक चर्चला येत नाहीत, पण त्याच्या आईने नाव द्यायला सांगितलंय.” शिक्षिकेने नाव पुन्हा एकदा विचारले, मुलगा कोणत्या पलटणीत आहे ते विचारले, आणि वहीत लिहून घेतले.