जी, एच आणि बी यांच्या मधलं लाल टिंब

(सोलापुरात मराठी टंकलेखन आणि डीटीपी करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी सुरुवात माझ्या उजव्या खांद्यापासून करतो. पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, दिवाळी अंक असं काम वर्षानुवर्षं केल्यावर तो खांदा इतका धरला, की शर्ट घालताना हात वर जाईना. मला वाटायचं टायपिंग बाधतंय. खरं कारण माऊस होता.

आपला नेहमीचा कीबोर्ड जवळजवळ ४५ सेंटिमीटर रुंद असतो. पण आपण टाइप करतो त्याच्या डाव्या भागात. उजवीकडे बाणांच्या कळा, त्यापलीकडे आकड्यांचा पॅड आणि त्याच्याही पलीकडे माऊस. म्हणजे उजवा हात दिवसभर बाहेर ताणलेला. शिवाय हात माऊसकडे न्यायला साधारण पाऊण सेकंद लागतो आणि परत आणायला जवळपास तेवढाच. एका पानाच्या दुरुस्तीत चाळीस वेळा माऊस धरला तर एक मिनिट नुसतं ये-जा करण्यात गेलं. वीस पानांची वीस मिनिटं.

या पाऊण सेकंदाचाच विचार टेड सेल्कर या संशोधकाने केला. त्यातून आयबीएमचा ट्रॅकपॉइंट, म्हणजे कळांमध्येच बसवलेलं, बोटाने पॉइंटर हलवायचं टिंब, आला आणि १९९२ साली थिंकपॅड ७००सी या लॅपटॉपवर जी, एच, बी या तीन कळांच्या मधोमध ते लाल टिंब दिसलं. इनस्क्रिप्टवाल्यांनी, म्हणजे भारतीय भाषांसाठीची ती ठरावीक कळरचना वापरणाऱ्यांनी, ते असं लक्षात ठेवावं: उकार, प आणि व यांच्या मध्ये. आपल्या गावात हे आणखी सोपं आहे. इनस्क्रिप्टमध्ये मराठीचा क ज्या कळेवर, त्याच कळेवर तेलुगूचा आणि कन्नडचाही. घरात तिन्ही भाषा टाइप होत असतील तरी टिंबाचे शेजारी बदलत नाहीत.

हे टिंब माऊससारखं सरकत नाही. ते जवळपास जागीच उभं असतं आणि बुडाशी बोटाचा दाब मोजला जातो. हलकं दाबलं की पॉइंटर हळू जातो, जोर दिला की धावतो. माऊसची सवय असलेल्या हाताला हे सुरुवातीला फार जड जातं. मला आठवडाभर प्रत्येक बटण चुकत होतं. पण तर्जनी प वरून इंचभरही दूर जात नाही, क्लिक स्पेसबारखालच्या बटणांवर अंगठ्याने होतं आणि मधलं बटण दाबून टिंब ढकललं की पान वरखाली सरकतं. अंगठ्याचं हे काम जमलं, त्या दिवशी मी माऊस कपाटात ठेवला.

कधी कधी पॉइंटर आपोआप एका बाजूला वाहू लागतो. लोक घाबरून दुकानात नेतात. बोट उचला, दोनचार सेकंद थांबा; तो आपली शून्य जागा पुन्हा ठरवून घेतो.

टचपॅड जोडलेले कीबोर्डही मिळतात. पॅड स्पेसबारच्या खाली असेल तर तळवा लागतो, कर्सर उडी मारतो आणि पुढचा शब्द तिसऱ्याच ओळीत जाऊन बसतो. उजव्या बाजूला पॅड असलेले, सोफ्यावर बसून टीव्ही चालवायला ठीक. आणि आपला एप्रिल-मे आठवा: घामेजलेलं बोट टचपॅडवर अडखळतं. टिंबाला फक्त दाब कळतो, त्यामुळे ओलाव्याने त्याचं मोजमाप चुकत नाही. बोट घसरू नये म्हणून टिंबावरची रबराची टोपी मात्र खरबरीत हवी. ट्रॅकबॉल, म्हणजे जागीच फिरणाऱ्या गोळ्याने पॉइंटर हलवायचं साधन, मला आवडतो, पण गोळ्याखाली धूळ आणि तंतू साचतात. कारखान्याच्या शेजारी ज्यांचं ऑफिस आहे त्यांनी कापसाच्या तंतूंचा विचार करून घ्यावा.

दिवसभर टॅलीत हिशोबाचे आकडे भरणाऱ्यांना मी टिंबवाला कीबोर्ड सुचवणार नाही. टिंबवाल्या बहुतेक कीबोर्डांना आकड्यांचा पॅड नसतो. चादरीची नक्षी कोरलड्रॉमध्ये काढणाऱ्यांनीही माऊसच ठेवावा. बारीक रेघ ओढायला टिंब पुरत नाही. मजकूर, मजकूर आणि मजकूर असं ज्यांचं काम, त्यांच्यासाठी हे आहे.

लगेच पैसे घालू नका. लेनोवोचा ट्रॅकपॉइंट कीबोर्ड २ ब्लूटूथवर चालतो, कळा लॅपटॉपसारख्या चपट्या. खोल, टकटकीत कळा हव्या असतील तर तैवानच्या टेक्स कंपनीचा शिनोबी आहे. दोन्ही स्वस्त नाहीत. आधी दुरुस्तीच्या दुकानात जुना थिंकपॅड शोधा, त्यावर अर्धा तास आपलंच एखादं पान टाइप करा, आणि सेटिंगमध्ये टिंबाची संवेदनशीलता वाढवून बघा. बहुतेकांना ते जड वाटतं, ते एवढ्याचसाठी. रबराची टोपी झिजते, ती वेगळी मिळते; पण तिची उंची मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून जुनी काढून सोबत न्या.

माझा कीबोर्ड इथे टेबलावर लावून ठेवला आहे. इनस्क्रिप्ट चालू आहे, माऊस जोडलेला नाही. एकेक जण या, एक परिच्छेद टाइप करा आणि त्यातल्या चुका टिंबाने दुरुस्त करा.