क्रियापदाने मांडलेला पाट

पत्रिकेवर विषय छापलाय ‘एक क्रियापद, दोन कर्मं : स्वाहिली, चिचेवा आणि चागा’. तिन्ही आफ्रिकेतल्या भाषा. पण आधी टांझानियातल्या दार-ए-सलाममधला आमचा जिना.

राहायला गेलो त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या बाई केळी घेऊन वर आल्या. स्वाहिलीत म्हणाल्या, “निमेकुलेतेआ न्दीझी.” तुझ्यासाठी केळी आणलीत. आणणे म्हणजे ‘लेता’, एवढं मला पाठ होतं. मग ‘साठी’ कुठंय? केळ्यांच्या मागेपुढे शोधलं, काही नाही. बाई दारात उभ्या आणि मी शब्द फोडतोय. ‘नि’ म्हणजे मी, ‘मे’ म्हणजे काम झालंय, ‘कु’ म्हणजे तुला, ‘लेत’ म्हणजे आण, शेवटचा ‘आ’ नेहमीचा. उरला मधला ‘ए’. ‘साठी’ तिथं होतं, क्रियापदाच्या पोटात!

मी ते नामापाशी शोधत बसलो, कारण शाळेत आपण स-ला-ना-ते घोकलं. याचा मला अजून राग आहे. तक्ता चूक नाही, पण त्यानं आपली नजर नामावर खिळवली. ‘दार उघड’ आणि ‘मला दार उघडून दे’ यांतला फरक कुणी दाखवलाच नाही. दुसऱ्या वाक्यात हातात काय दिलं? काहीच नाही. ते ‘दे’ क्रियापदाला सांगतं, आणखी एक पाट मांड, कुणीतरी येतंय. स्वाहिलीत हेच काम तो ‘इ’ किंवा ‘ए’ करतो. ‘पिका’ म्हणजे शिजवणे, ‘पिकिआ’ म्हणजे कुणासाठी शिजवणे. धातूत ए-ओ असला की ‘इ’चा ‘ए’ होतो, म्हणून ‘सोमा’चं, म्हणजे वाचणेचं, ‘सोमेआ’.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. आणि खरा प्रश्न आत्ता येतोय : दोन पाटांपैकी मानाचा कुठला?

स्वाहिलीत पाहुण्याचा, म्हणजे ज्याच्यासाठी काम केलं त्याचा. ‘म्तोतो आमेपिकिवा चाकुला’, म्हणजे मुलासाठी जेवण शिजवलं गेलंय. इथं मूलच कर्ता होतं आणि जेवण मागे राहतं. मराठीत ‘मुलाला’चा ‘ला’ सुटत नाही, तिथं सुटतो. उलट ‘चाकुला’ला कर्ता करून ‘किमेपिकिवा म्तोतो’ म्हणून बघा, चालत नाही. क्रियापदात कर्माचं सर्वनामही एकच मावतं, तेही पाहुण्याचं. मलावीतली चिचेवाही याच मताची.

किलिमांजारोच्या उतारावरची चागा मात्र दोघांना सारखा मान देते. दोन्ही कर्मं कर्ता होऊ शकतात, दोघांची सर्वनामं क्रियापदात बसतात. जोन ब्रेझनन आणि लिओबा मोशी या भाषाशास्त्रज्ञांनी 1990 साली चागा आणि चिचेवा शेजारी ठेवून हा भेद मांडला. त्यांच्या चागा उदाहरणात नवरा बायको‘साठी’ जेवतो, आणि तेच क्रियापद तिच्या तोट्याचं जेवणंही सांगू शकतं!

रवांडाची भाषा किन्यारवांडा राहिली. तिच्या एका क्रियापदात अशी सर्वनामं दोनाहून जास्त रांगेनं बसतात. फळा पुसू नका, चहाच्या वेळी हवं त्याला लिहून देतो.